कंपायलरचं गाऱ्हाणं

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे गावकार म्हणायचे आणि तोंडावर सर. गावकीशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता. देवळात ते दिसायचे ते उत्सवाच्या जेवणाला, तेही पहिल्या पंगतीला. नाव पडलं ते त्यांच्या एका विक्षिप्त रिवाजामुळे. तो सांगतेच, पण आधी माणूस सांगते. माणूस नीट कळल्याशिवाय त्या दुपारी सुर्ल्याला काय व्हायचं राहिलं, ते कळायचं नाही.

हा माणूस आरामाचा मोठा भोक्ता. चपलेला बक्कल नको, स्कूटरला गिअर नको, शर्टाला वरचं बटण नको. ऑफिसात पंख्याचं बटण वायरमनकडून मुद्दाम खाली, खुर्चीच्या हाताशी आणून घेतलेलं. सकाळी पाववाला पोदेर भोंगा वाजवत यायचा तेव्हा ह्यांची पिशवी आदल्या संध्याकाळपासून खिडकीला टांगलेली असायची, उंडे पाव घ्यायला उठायला नको म्हणून. घरातलं आंघोळीचं पाणी अंथरुणातून फोनवर बोट ठेवून तापवायची सोय त्यांनी करून घेतली होती. त्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं, "बाय, ह्या माणसाक श्वास घेवचां मशीन मिळाला तर तांय हाडतलो."

आणि हाच माणूस, कुणी कंपायलरमध्ये एवढीशी सोय मागितली की अंगावर पाल पडल्यासारखा दचकायचा.

काम असं होतं. खनिजाच्या प्लांटवर माती वाहून नेणारे रबरी पट्टे असतात, एकापुढे एक, डझनभर. कुठला कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा हे ठरवणारी पॅनेलं आम्ही बनवायचो. पॅनेलने काय करायचं ते लिहिण्यासाठी गावकारांनी स्वतःची एक छोटी भाषा तयार केली होती, प्लांटवरच्या इलेक्ट्रिशियनला लिहिता येईल अशी, साध्या मराठी शब्दांची. 'पट्टा पाच चालू, जर दोरी पाच ताठ, झाकण पाच बंद, पुढचा पट्टा चालू.' दोरी म्हणजे पट्ट्याच्या कडेने गेलेली लाल दोरी. कुणी अडकलं, घाबरलं, तर ती ओढायची, की ती कडीतून सुटून ढिली पडते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. झाकण म्हणजे माती खाली सोडणाऱ्या च्यूटचं झाकण. ते उघडं असेल तर आत माणूस असू शकतो, म्हणून पट्टा सुरूच व्हायचा नाही. माणसाने लिहिलेली ही वाक्यं यंत्राला कळतील अशी उतरवून देणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. तोही त्यांनीच लिहिलेला. त्याच्यावर त्यांचा जीव होता असं लोक म्हणत. मला विचाराल तर त्यांना त्याची भीती वाटायची.

त्यांच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत कपडे वाळत घालायची तार ताणलेली होती. तिच्यावर कपड्यांऐवजी कंपायलरची छापील पानं, चिमटे लावून, क्रमाने. नियम एकच, कंपायलर त्या तारेवर मावला पाहिजे. नवीन काही आत घ्यायचं तर जुनं काही काढा, नाहीतर सगळं पुन्हा आटोपशीर लिहा. खोलीत येणाऱ्याला पानांखालून वाकून यावं लागे, त्यामुळे आमचे शेटसुद्धा त्यांच्यासमोर रोज मान लववूनच उभे राहत. शेटना ते आवडत नसे आणि गावकारांच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

मी धारगळची. डिग्री घेऊन नुकतीच लागले होते आणि अंगात नव्या नवलाईचा जोर होता. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "सर, 'पट्टा एक ते पाच' असं एका वाक्यात लिहायची सोय हवी. प्रत्येक भाषेत असते."

"घालूया की," ते म्हणाले. "कुठे घालायची ते तारेवर दाखव."

मी एक पान दाखवलं. त्यांनी मान डोलावली. "बरं. आता पट्टा तीन दुरुस्तीला काढलाय. एक ते पाच म्हणजे तीन धरून की सोडून?"

"सोडून."

"कोणी ठरवलं?"

"मी."

"आणि तिकडे लिहिणाऱ्याने धरून असं समजून लिहिलं, तर? हे चुकलं तर मी कुठे शोधायचं, तेवढं सांग बाय. तेवढं सांगितलंस की आत्ता घालतो."

मी चिडून जाग्यावर जाऊन बसले. दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातलं सुकं मटण माझ्या टेबलावर आणून ठेवलं, एक शब्द न बोलता. असाच माणूस. वाद घालताना समोरच्याला भाजून काढायचा आणि मग त्याच्या पोटाची काळजी करायचा.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. "लिहिणाऱ्याची चूक एका पट्ट्यावर बसते. कंपायलरची चूक सगळ्या पट्ट्यांवर बसते, आणि ती कुणाला दिसत नाही." ते हे चहा पिताना, चपला शोधताना, लग्नाच्या आहेराच्या रांगेतसुद्धा म्हणायचे. आम्ही हसायचो.

आता तो रिवाज. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण, गावकीचा मानकरी गावकार, पुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला घालायचं ते साकडं घालतो आणि त्याच्या एकेका वाक्यावर मागची मंडळी एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" गावकारांनी हेच कंपायलरला लावलं. नवी आवृत्ती बाहेर द्यायच्या आधी सगळा स्टाफ तारेखाली उभा करायचा, वायरिंगच्या मुली, टेस्टिंगवाले, हिशेब बघणाऱ्या काकूसुद्धा. मग ते एकेक पान धरून त्यावरचा नियम साध्या बोलीत मोठ्याने सांगायचे. "दोरी ढिली झाली तर तोच पट्टा थांबेल, दुसरा नाही रे म्हाराजा!" कळलं, पटलं, तर व्हय म्हाराजा. नाही कळलं तर गप्प राहायचं. एकजण जरी गप्प राहिला तरी आवृत्ती अडायची. काकू एकदा गप्प राहिल्या तर गावकारांनी दोन पानं नव्याने लिहिली होती. "काकूंना सांगता येत नाही म्हणजे मला कळलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं गमतीचंच चाललं असतं, पण माझा थोरला भाऊ सुर्ल्याच्या प्लांटवर फिटर होता आणि तिथले पट्टे आमच्या पॅनेलवर चालायचे.

तिथल्या इलेक्ट्रिशियनला डझनभर पट्ट्यांसाठी त्याच त्या तीन अटी लिहून काढायच्या होत्या. त्याने केलं ते कुणीही केलं असतं. एक ओळ लिहिली, तीच खाली खाली उतरवत गेला आणि आकडे बदलत गेला. पाचाच्या ओळीत दोरीचा आकडा चारच राहिला. एका सकाळी दादाची बाही पाचाच्या रोलरमध्ये गेली. त्याने पाचाची दोरी ओढली आणि काहीच थांबलं नाही. पाचवा चालत राहिला. शर्ट जुना होता म्हणून फाटला, आणि हात राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तारेखालून वाकून गेले नाही, पानं हाताने बाजूला करून गेले. "डझनभर वेळा तेच लिहायला लावता तुम्ही! माणूस चुकणारच. एकदाच वर 'सगळ्यांना' असं लिहिता आलं असतं तर हे झालं असतं का? तुमचा कंपायलर लहान राहावा म्हणून माझ्या भावाने हात द्यायचा?"

मला वाटलं ते वाद घालतील. ते बराच वेळ पंख्याचं बटण चालू-बंद करत बसले. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी एकाच बाजूने तोलत होतो."

शेटना तर हेच हवं होतं. प्लांटवाल्यांचा तगादा होताच. "सर, गिऱ्हायकाक सोपां जाय. सोपां करून दिया, नाजाल्यार तीं दुसरीकडे वतलीं," असं ते रोज दारात उभे राहून सांगायचे.

आणि गावकारांनी 'सगळ्यांना' घातलं. वर एकदाच लिहायचं, सगळ्यांना दोरी ताठ, झाकण बंद, पुढचा पट्टा चालू. कंपायलर ते प्रत्येक पट्ट्याला आपणहून लावील. हे सोपं होतं, पान-दोन पानांत झालं. पण सुर्ल्याचा पाचवा पट्टा कधीकधी एकटाच चालवून रिकामा करावा लागे, तेव्हा त्याला 'पुढचा पट्टा चालू' ही अट नको होती. म्हणून 'सोडून' आलं. मग एका अटीपुरतं सोडून, की एका पट्ट्यापुरतं? दोन 'सोडून' आले तर कुणाचं ऐकायचं? 'सगळ्यांना' दोनदा लिहिलं तर? प्रत्येक प्रश्नाला एक पान, प्रत्येक पानाला दोन नवे प्रश्न. पानं तारेच्या टोकाला पोचली. त्यांनी दारावरून तार पुढे ओढून पॅसेजमध्ये नेली. महिन्याभरात ती शेटच्या केबिनपर्यंत गेली.

त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नव्हतं. किटलीतला चहा तसाच गार व्हायचा. पॅसेजमध्ये पानांखालून येरझाऱ्या घालत ते पुटपुटत राहायचे. मध्येच एखादं पान धरून विचारायचे, "हे मी कधी लिहिलं?" विनोद नव्हता तो. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला भीती वाटायला लागली, आणि भीती वाटते हे कुणाला सांगायचं ते कळेना, कारण सोय मागणाऱ्यांत मीही होते आणि माझं मागणं आजही मला चुकीचं वाटत नाही.

गाऱ्हाण्याचा दिवस आला. सकाळी सुरू झालं, जेवणाची वेळ झाली तरी पानं संपेनात. पाय दुखत होते, डबे हाक मारत होते. अशा वेळी सूर लागतो. ते वाक्य टाकायचे आणि आम्ही उचलायचो, टाकायचे, उचलायचो.

"वर लिहिलेलं खालच्या सगळ्या पट्ट्यांना लागेल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या पट्ट्याचं नाव 'सोडून'मध्ये येईल त्याला 'सगळ्यांना'मधलं काही लागणार नाही रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते पुढच्या पानाकडे वळले आणि वळता वळता थांबले.

"मी आत्ता काय म्हटलं?"

त्यांनी ते पान पुन्हा हातात धरलं.

"व्हय म्हटलंत ना सगळ्यांनी? कशाला म्हटलंत?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. काकूंनी चष्मा काढला. गावकारांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, सूर न लावता, सावकाश, आणि तेव्हा ते आम्हाला ऐकू आलं. 'काही लागणार नाही.' पाचाला एक अट नको होती. ह्या पानाप्रमाणे त्याच्या तिन्ही अटी जात होत्या. दोरी गेली, झाकण गेलं. लिहिणाऱ्याने अगदी बरोबर लिहिलं तरी जात होत्या.

"हे माझंच पान," ते म्हणाले. "मीच लिहिलं, मीच वाचलं." मग पान तारेवरून काढत, "बरं झालं आत्ता सापडलं. अजून बाहेर गेलं नाही."

शेट केबिनच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "सर," ते म्हणाले, "सुर्ल्याक लायलां. सकाळीच. निस्ती ट्रायल म्हणून गाडयेबरोबर धाडलां."

दादाचा फोन लागणं शक्य नव्हतं. प्लांटवर कामाच्या जागी मोबाइल नेत नाहीत. मी कंट्रोल रूमच्या कॉर्डलेसला लावला. गजाने उचलला, दादाचा जोडीदार, आमच्या घरी जेवून गेलेला माणूस.

"पाचवा चालू आहे का रे?"

"बंद आसा. च्यूटात माती धरल्या, साफ करतत. तुझो दादाच आत आसा. कित्याक गो?"

माझ्या हातून फोन गावकारांनी घेतला. कसा घेतला ते कळलंही नाही. तो माणूस एरवी समोरचा पेला घ्यायलाही उठायचा नाही.

"गजा, पाचाच्या मोटरीचो मेन स्विच खंय आसा?"

"पॅनेलाच्या फाटल्यान. पण सर, दोरी ओढून ठेवल्या, झाकण उगडां आसा. कसो सुरू जातलो?"

"सुरू जातलो. दोरी नि झाकण आज धरू नको. मेन ओढ."

"इनचार्ज जेवूक गेलो सर, तेका विचारल्याशिवाय..."

"खाली ट्रक लागलेत?"

"व्हय सर, लागलेत. आता थंयसूनच स्टार्ट दितीत."

"मग धाव!"

"व्हय सर. व्हय सर, करतंय."

"व्हय म्हणू नको!" ते ओरडले. मी त्यांना ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पॅसेजभर पानं हलली. "व्हय म्हणू नको गजा! काय केलंस ता सांग!"

फोन मोठ्या आवाजावर होता. बुटांचा आवाज, कुठलं तरी लोखंडी दार, मग काहीच नाही. माझी नखं कुणाच्या तरी दंडात रुतली होती. काकूंच्या, नंतर कळलं.

"मेन खाली ओढलो सर."

"कुलूप?"

"घातलां."

"चावी खंय?"

"माझ्या बोल्सात."

"हात लावून बघ."

"आसा सर, चावी बोल्सात आसा."

आणि त्याचं बोलणं संपायच्या आतच भोंगा वाजला. पट्टे सुरू होण्याआधी वाजतो तो. आम्ही सगळे तिथे, तुयेत, पानांखाली उभे राहून तो ऐकत होतो. एकेक पट्टा सुरू झाल्याची घरघर वाढत गेली. मग पॅनेलमधून एक टक्क असा आवाज आला आणि गजाचा आवाज बदलला.

"सर... पाचाचो स्विच आपसूक ओढलो. पॅनेलान पाचाक स्टार्ट दिलो. दोरी ओढलेली आसताना दिलो सर." तो श्वास घेताना ऐकू आला. "पण पट्टो हलूक नाय. मेन बंद आसा. हलूक नाय."

नंतर लांबून दादाचा आवाज, चिडलेला, "कोण रे बोबाटता थंय?"

मी खाली बसले. रडले, सगळ्यांसमोर, मोठ्याने. गावकारांनी फोन टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला. मग तो मागे घेऊन त्यांनी पेन उचललं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी 'सोडून' काढून टाकलं आणि त्यामागोमाग 'सगळ्यांना'सुद्धा. त्याच्या जागी एकच छोटी गोष्ट घातली. पट्ट्याच्या ओळीत त्याच पट्ट्याची दोरी नि झाकण नसेल तर कंपायलर पुढे जाणारच नाही, ओळ परत करील. "लिहायचं तुम्हीच," ते मला म्हणाले. "मी तपासून देईन. तुमच्या वतीने मी लिहिणार नाही. तेवढं माझं डोकं मोठं नाही." पान एकच झालं. दादाच्या बाहीची चूक त्याने पकडली असती, आणि ते पान काकूंनाही सांगता आलं.

शेटना ते पटलं नाही. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. लोकांना पुन्हा डझनभर ओळी लिहायला लागणार होत्या आणि प्लांटवाले ऐकणार नव्हते. "काय जावंक नाय मगे सर?" ते समजुतीने म्हणाले. गावकार म्हणाले, "नाही झालं. म्हणून तर तुम्हाला सांगणं कठीण." पुढे शेटनी बाहेरून तयार पॅनेलं आणायला सुरुवात केली. त्यांच्यावर सगळं आपोआप होतं आणि आत काय चालतं ते आमच्यापैकी कुणी वाचलेलं नाही. ती भाषा बंद पडली. गावकार तार गुंडाळून घरी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. मी राहिले. नोकरी होती.

परवा पेडण्याला त्यांच्या घरी गेले होते. थकलेत. खुर्ची आता बटण दाबल्यावर मागे कलते, तिचं कौतुक त्यांनी मला दोनदा दाखवलं. मीही काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हटलं, "सर, सुर्ल्याला आता नवीन पॅनेल आहे. पण दादा अजून च्यूटमध्ये उतरण्याआधी स्वतः मेन ओढतो, कुलूप घालतो, चावी खिशात टाकतो. आणि काय केलं ते मोठ्याने सांगतो. गजाने शिकवलं त्याला."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी खुर्ची सरळ केली.

"कुणाला सांगतो?"

"म्हणजे?"

"मोठ्याने सांगतो ना? बाहेर उभा राहून ऐकतो कोण?"

पूर्वी बाहेर गजा उभा असायचा. नव्या पॅनेलवर सगळं पडद्यावर दिसतं, म्हणून गजाला ट्रकांकडे टाकलंय. मी ते सांगितलं, आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला.

"फोन लाव," ते म्हणाले.

दादाची सुट्टी होती, घरी होता. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. "तुझ्या भयणीचो सर बोलतंय. तू आत उतरतंस तेव्हा भायर कोण उबो रवता?"

"आता तशी गरज नाय सर," दादा हसत म्हणाला. "सगळां स्क्रीनार दिसता."

"नाव सांग."

दादाचं हसणं थांबलं. पलीकडे आई कुणाला तरी जेवायला हाक मारत होती, ते ऐकू येत होतं. गावकार खुर्ची सोडून उठले होते, फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरून.

"नाव सांग रे," ते पुन्हा म्हणाले.

दादाने नाव सांगितलं नाही.